पेठांतली वाहतूक: कामाच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

आजपासून नोंदी लिहायला घेतल्यात. काम असं आहे की पुण्यात शिवाजी रोड आणि बाजीराव रोडच्या मधला पट्टा, म्हणजे मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रोडचा मधला भाग आणि आजूबाजूच्या आळ्या, एवढ्यात गाड्या कमी कशा होतील आणि लोक चालत, बसने, मेट्रोने, सायकलवर कसे येतील याचा आराखडा करायचा. आम्ही चौघं आहोत, दोघं आर्किटेक्ट, एकजण वाहतूक शिकलेला आणि मी. हातात सहा महिने.

सर म्हणाले विसर्जन होऊ दे मग सुरू करू, गणपतीत केलेली मोजणी कुठे वापरता येत नाही, ते नेहमीचे दिवस नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. तरी मी संध्याकाळी गेले. बेलबाग चौकात उभी राहिले तर गाड्या नाहीतच, रस्ते संध्याकाळनंतर बंद, आणि रस्त्याच्या मधोमध बायका कडेवर पोरं घेऊन निवांत चालल्यात, म्हातारे हात धरून चाललेत, भेळवाला, फुगेवाला, दुकानं उशिरापर्यंत उघडी आणि दुकानात गर्दी. मंडळाचा एक मुलगा दोर धरून बसला होता. मी पंधरा मिनिटं त्याच्याकडेच बघत होते. आतल्या वाड्यातले एक काका स्कूटर घेऊन आले, त्याने काही न विचारता दोर खाली केला, काका गेले, दोर वर. मागून एक बाहेरची कार आली, त्याने हातानेच मागे फिरवली.

कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, हे त्याला तोंडपाठ आहे. आमच्या आराखड्यात जे लिहायचंय ते हा पोरगा दरवर्षी करतोय. हे सरांना दाखवायचं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

परवा मंडईतून निघालेली मिरवणूक काल दुपारपर्यंत चालली. आज रस्ते नेहमीसारखे. सकाळी साडेनऊला पोचले तेव्हा लक्ष्मी रोडचा फूटपाथ अजून दिसत होता, अकरापर्यंत त्याच्यासमोर बाईकची भिंत उभी. पी-वन पी-टूच्या पाट्या आहेत, सम तारखेला ही बाजू, विषमला ती, पण आत गल्ल्यांमधे दोन्ही बाजू भरलेल्याच असतात.

टेपने मोजत फिरलो. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमात फूटपाथची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी, समोरासमोर दोन व्हीलचेअर आल्या तरी एकमेकींना जाऊ देता येईल एवढी. कागदावर इथेही बऱ्याच ठिकाणी तेवढी आहे. प्रत्यक्षात त्यात विजेचा डीपी, दुकानाच्या पायऱ्या, बाहेर टांगलेले ड्रेस, वर आलेलं चेंबरचं झाकण, आणि मग जे उरतं त्यात मी आडवी होऊन गेले. मोकळी रुंदी म्हणून काय लिहायचं यावर आमचं बोलणं झालं, मी म्हटलं की सगळ्यात अरुंद जागी जेवढी आहे तेवढीच लिहायची, सरासरी काढायची नाही, कारण चालणारा माणूस सरासरीवर चालत नाही, तो जिथे अडकतो तिथे रस्त्यावर उतरतो.

३० सप्टेंबर, सोमवार

काल भुयारी मेट्रो सुरू झाली, जिल्हा न्यायालय ते स्वारगेट, मधे कसबा पेठ आणि मंडई. मार्च २०२२ मधे वनाज ते गरवारे आणि पिंपरीकडचा पहिला तुकडा सुरू झाला तेव्हापासून पेठवाले याचीच वाट बघत होते. आज आजीला घेऊन गेले. तिला तुळशीबागेतून समईच्या वाती आणि एक छोटी परात घ्यायची होती, आणि गुडघ्यामुळे ती चार वर्षं तिकडे गेलीच नव्हती. रिक्षावाला मंडईपर्यंत यायला तयार नसतो आणि आला तरी लांबच उतरवतो.

शिवाजीनगरहून बसलो, स्टेशनात लिफ्ट, आत थंडगार, बसायला जागा मिळाली. आजी एकदम खूश. मंडईला वर आलो आणि तिथून पुढे तिची खरी परीक्षा. तुळशीबाग तिथून हाकेच्या अंतरावर आहे, मेट्रोला जेवढी मिनिटं लागली त्याच्या तिप्पट आम्हाला ते अंतर जायला लागली. ती कशी चालत होती ते लिहून ठेवते, कारण हे कुठल्या सर्व्हेच्या तक्त्यात येणार नाही: डावा हात माझ्या खांद्यावर आणि उजवा हात लावलेल्या बाईकच्या सीटवर, एका सीटवरून दुसऱ्या सीटवर, कठडा धरावा तशी. उन्हाने सीट तापलेल्या, तर ती पदर हाताला गुंडाळून हात ठेवत होती. मधेच एक बाईक निघाली आणि तिचा हात हवेत राहिला, मी धरलं म्हणून बरं.

परात मिळाली. परत येताना ती म्हणाली, "तुझी गाडी जमिनीखालून छान गेली गं, वरचं काय?"

मेट्रोवर एवढा खर्च झाला तो बरोबरच झाला असं मला मनापासून वाटतं, पण दारातून बाहेर आल्यावरच्या पहिल्या तीनशे मीटरचं काम कोणाचंच नाही. स्टेशन मेट्रोचं, फूटपाथ पालिकेचा, गाड्या वाहतूक पोलिसांच्या अखत्यारीत, बस पीएमपीची. आराखड्यातलं पहिलं काम हेच तीनशे मीटर, हे आज माझ्यापुरतं ठरलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पार्किंगचा पाटी सर्व्हे. पद्धत साधी आहे, दर अर्ध्या तासाने त्याच गल्लीतून चालत जायचं आणि लावलेल्या प्रत्येक गाडीचे शेवटचे चार आकडे टिपायचे, म्हणजे कोणती गाडी किती वेळ उभी आहे ते कळतं. सकाळी दहा ते रात्री आठ. पाय गेले पण आजच्यासारखा दिवस नाही.

सगळे दुकानदार आम्हाला एकच सांगत होते, पार्किंग काढलं तर गिऱ्हाईक तुटेल. आणि शीटवर काय दिसतंय तर दुकानासमोरच्या पहिल्या रांगेतल्या गाड्या सकाळी साडेदहाला आल्या त्या रात्रीपर्यंत हलल्याच नाहीत. एका गल्लीत तर चार वाजेपर्यंत तेच नंबर पुन्हा पुन्हा लिहून माझे पाठ झाले. त्या गाड्या गिऱ्हाईकांच्या नाहीत, त्या मालकांच्या आणि कामाला येणाऱ्या मुलांच्या आहेत. गिऱ्हाईक बिचारं दुसऱ्या रांगेत, रस्त्यात, इंडिकेटर चालू ठेवून उभं, आणि त्याच्यामुळे मागे सगळं तुंबलेलं.

हिशोब करून बघितला. गिऱ्हाईक साधारण चाळीस मिनिटं थांबतं धरलं तर दहा तासांत एका जागेवर पंधरा गिऱ्हाईकं येऊन जातील. तीच जागा दुकानातल्या एकाच स्कूटरने अडवली तर पंधराच्या जागी एक, आणि तो एकजण काही विकत घ्यायला आलेला नाही.

भांड्यांच्या दुकानवाल्या काकांना शीट दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं, मग एका नंबरवर बोट ठेवून म्हणाले, "ही माझीच आहे." पुढे काही बोलले नाहीत, चहा मागवला.

त्यांच्या गल्लीत गाड्या सरकवणारा एक मुलगा आहे. हँडल लॉक असलेली गाडीसुद्धा मागचं चाक उचलून बरोबर फटीत बसवतो, दुकानदार मिळून त्याला पैसे देतात. पार्किंग काढायचं म्हटलं की त्याचं काय होणार, हा प्रश्न आराखड्यात आला पाहिजे.

१६ ऑक्टोबर, बुधवार

काल निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. ज्या कार्यालयात आमची उद्या मीटिंग होती तिथून फोन आला की आता निकालानंतरच. दीड महिना गेला. त्यात पालिकेत २०२२ च्या मार्चपासून नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहे, त्यामुळे पेठेतल्या माणसाला आपलं म्हणणं सांगायला ओळखीचं दारच उरलेलं नाही. एरवी नगरसेवक कितीही भांडला तरी तो संध्याकाळी कट्ट्यावर भेटायचा.

जुनी कागदपत्रं काढून वाचत बसले. २०१६ चं पादचारी धोरण आहे, रस्त्यांच्या डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१७ चा सायकल आराखडा आहे. पार्किंगचं धोरण मार्च २०१८ मधे मुख्य सभेत मंजूर झालं होतं, आधी सगळ्या शहराला होतं, विरोध झाल्यावर प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांवर आलं आणि मग त्या पाच रस्त्यांवरही आलं नाही. जुलै २०२१ मधे पेठांसाठी 'पुण्यदशम' नावाची छोटी बस निघाली, दहा रुपयांत दिवसभर कितीही वेळा बसा. कल्पना किती चांगली होती, मिडीबस, अरुंद रस्त्यात वळते, तिकिटाला सुट्टे पैसे शोधायला नकोत. पण ती बस त्याच बाईकच्या आणि डबल पार्किंगच्या गर्दीत सोडली तर ती पण तुंबणार ना. बसला वेगळा वेळ आणि वेगळी वाट दिल्याशिवाय नुसती बस आणून भागत नाही.

थोडक्यात कागद कमी नाहीयेत. लोकांनी विचार केलेला आहे, चांगल्या लोकांनी केलेला आहे. तो पेठेत उतरला नाही, कारण दरवेळी प्रश्न असाच विचारला गेला की रस्ता चालू ठेवायचा की बंद करायचा, आणि बंद म्हटलं की माणूस घाबरतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीआधीचा रविवार. लक्ष्मी रोडवर मोजणी करायला गेलो होतो, मोजणी जमली नाही, माणसंच एवढी होती की आपोआप गाड्या बाहेर राहिल्या. व्यापार वर्षातला सगळ्यात जास्त ज्या दिवशी होतो त्या दिवशी दुकानाच्या दारात गाडी येऊच शकत नाही, हे व्यापाऱ्यांशी बोलताना सांगायचं. फोटो काढलेत.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे साडेपाचला बोहरी आळी. मालाच्या गाड्या बघायच्या होत्या. पण माल पहाटे येत नाही! सहापर्यंत फक्त दूध आणि पेपर. माल येतो अकरा ते दोन, कारण दुकान साडेदहाला उघडतं, ताब्यात घ्यायला माणूस तेव्हा असतो. म्हणजे छोटा हत्ती आणि तीनचाकी टेम्पो बरोबर त्याच वेळी आत शिरतात जेव्हा गिऱ्हाईक यायला लागतं. एक टेम्पो खाली होईपर्यंत आळीची वाट बंद, मग हॉर्न, मग भांडण.

एका हमाल काकांशी बोलले. तीस-पस्तीस वर्षं याच भागात ओझी उचलतायत. त्यांचं म्हणणं हातगाडीला वाट मिळाली तर टेम्पो आत आणायचीच गरज नाही, बाहेर नेहरू रोडला उभा करा, आम्ही हातगाडीने आणतो, लवकर होतं. "पण ताई, हातगाडीला आता कोणी वाटच देत नाही, सगळे मागून हॉर्न मारतात, आमची गाडी म्हणजे रस्त्यातला दगड वाटते त्यांना."

हे मला फार लागलं. सस्टेनेबल ट्रान्सपोर्ट म्हणून आम्ही इ-कार्गो सायकलींचे फोटो चिकटवतोय आणि बिनधुराची, बिनआवाजाची मालगाडी पेठेत आधीपासून चालू आहे, ती ओढणाऱ्या माणसाला वाट नाही. आराखड्यात हातगाडी आणि हमाल हे शब्द पहिल्या पानावर पाहिजेत. मालासाठी सकाळी साडेआठ ते साडेदहा अशी वेळ ठेवायची, त्यासाठी दुकानाचा एक माणूस लवकर यायला हवा, त्याचं काय करायचं ते व्यापारी संघटनेला विचारायचं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान झालं. आज शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात गेलो, रहिवाशांशी बोलायला. वाडा म्हणजे आता निम्मा उतरवलेला, पण आत चार बिऱ्हाडं अजून आहेत, चौकात नळ, जिन्याला दोर. बोळातून आत जावं लागतं.

तिथल्या ताईंनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. मागच्या पावसाळ्यात रात्री आठ वाजता सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स पंधरा मिनिटांत आली, पण गल्लीच्या तोंडाशी. पुढे दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या, मधे एक कार. "मग आम्ही त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, माझा नवरा आणि शेजारचा मुलगा, आणि मी पुढे पळत गाड्या बाजूला करत, चौकापर्यंत आणलं. पाऊस होता. ते सारखे म्हणत होते, मला चालता येतंय, मला चालता येतंय." सासरे वाचले, आतल्या खोलीतून आमचं बोलणं ऐकत होते.

बाहेर आल्यावर ती गल्ली मोजली. सहा मीटरच्या आसपास रुंद. आडवी लावलेली स्कूटर पावणेदोन मीटरच्या वर जाते, दोन्ही बाजूंना लावल्या की मधे दोन-सव्वादोन मीटर, आणि अँब्युलन्सच दोन मीटरची. त्यात एखादीचं हँडल जरा बाहेर आलं की संपलं. एकाच बाजूला, तिरक्या लावल्या तर साडेचार मीटर मोकळे राहतात. एवढ्याचाच प्रश्न आहे, एका बाजूचा.

आत्तापर्यंत सगळे मला विचारत होते की तुम्ही रस्ते बंद केले तर अँब्युलन्स, फायर ब्रिगेड कशी येणार. आज कळलं की या गल्लीला अँब्युलन्स आत्ताच येत नाही. ती गल्ली कोणी नोटीस लावून बंद केलेली नाही, पण बंदच आहे. आपल्याला ती मोकळी करायचीय. यापुढे बोलताना "बंद" शब्द वापरायचा नाही, मी टीममधे सगळ्यांना सांगितलं, आणि हा काही शब्दांचा खेळ म्हणून नाही, काम खरंच ते आहे म्हणून.

११ डिसेंबर, बुधवार

पादचारी दिन. पालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा तुकडा, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक, गाड्यांना बंद ठेवून चालणाऱ्यांना देते. सकाळपासून होते तिथे. रस्त्यावर गालिचा, बसायला बाकडी, शाळेच्या मुलांची चित्रं. आजीला दुपारी आणलं. ती रस्त्याच्या बरोबर मधे उभी राहिली आणि वर बघायला लागली. जुन्या इमारतींचे सज्जे, लाकडी कठडे, एका ठिकाणी साल कोरलेलं. म्हणाली की इतकी वर्षं या रस्त्याने येतेय पण वर कधी बघितलंच नव्हतं, सगळं लक्ष पायाखाली आणि मागून काय येतंय याच्याकडे. शाळेत असताना ती इथून सायकलवर जायची, घंटीसुद्धा वाजवायला लागायची नाही म्हणे.

एका साडीवाल्यांना धंदा कमी झाला असं वाटत होतं, त्यांच्या समोरच्यांना वाढल्यासारखा वाटत होता, दोघांकडेही आकडा नव्हता. पुढच्या वेळी आधीच बोलून ठेवून बिलांची संख्या मागायची, रक्कम नको, नुसती संख्या.

माझं मत लिहून ठेवते. हा दिवस चांगला आहे, व्हायलाच पाहिजे, आजीने वर बघितलं हे काही कमी नाही. पण एक दिवसाचा पाहुणचार आणि रोजचं राहणं यात फरक असतो. त्या एका दिवशी माल येत नाही, आतल्या रहिवाशांनी गाड्या आदल्या रात्री लांब लावलेल्या असतात, आणि आजूबाजूच्या केळकर रोड, बाजीराव रोडवर जे तुंबतं ते लोक एक दिवस म्हणून सहन करतात. रोजचं करायचं तर माल, रहिवासी आणि नुसता आरपार जाणारा, या तिघांना वेगवेगळं उत्तर द्यावं लागेल.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आरपार जाणारा हाच कळीचा माणूस. डेक्कनकडून कँपात निघालाय, त्याला पेठेत काही काम नाही, तो आमचा रस्ता फक्त ओलांडतोय.

आज बाहेरची उदाहरणं काढली. दिल्लीत चांदणी चौक, लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद, सव्वा किलोमीटरच्या वर, सप्टेंबर २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्या नाहीत, सायकलरिक्षा चालतात, माल रात्री. वेळ वाटून देण्याची ही पद्धत आपल्याला जवळची आहे. अहमदाबादचा माणेक चौक तर आणखी पुढचा, दिवसा सराफबाजार आणि रात्री तिथेच खाऊगल्ली, जागा तीच.

दुसरं उदाहरण बेल्जियममधलं गेंट. जुनं गाव, अरुंद रस्ते, कालवे. एप्रिल २०१७ मधे त्यांनी मधला भाग चालणाऱ्यांना दिला आणि त्याच्या भोवती सहा भाग पाडले. कुठल्याही भागात गाडी नेता येते, घरापर्यंत नेता येते, पण एका भागातून शेजारच्या भागात गाडीने थेट जाता येत नाही, बाहेरच्या रिंग रोडला जाऊन फिरून यावं लागतं. बस, सायकल, पायी, सरळ. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने हेच १९७७ मधे चार भाग पाडून केलं होतं आणि तिथेही व्यापाऱ्यांचा कडाडून विरोध होता. याच्यात बंदी कोणालाच नाही, फक्त गाव ओलांडायला मधून वाट नाही. वाड्यातल्या काकांची स्कूटर आत जाते आणि बाहेरची कार फिरून जाते. दोर धरलेल्या त्या मुलाने सप्टेंबरात केलं तेच.

८ जानेवारी २०२५, बुधवार

दहा दिवस नकाशावर. दक्षिणेला टिळक रोड, पूर्वेला नेहरू रोड, बाकी नदी, ही बाहेरची कड धरली. शिवाजी रोड आणि बाजीराव रोड एकदिशा आहेत ते तसेच ठेवायचे, त्यांना हात लावला तर सगळं शहर अंगावर येईल, आणि बसही तिथूनच जातात. त्यांच्या मधल्या गल्ल्यांचे मात्र फेरे करायचे: बाजीराव रोडवरून आत शिरलात तर फिरून बाजीराव रोडलाच बाहेर, शिवाजी रोडला निघता येणार नाही. मधे तुळशीबाग ते मंडई मेट्रो ही पट्टी चालणाऱ्यांची आणि हातगाडीची.

वाहतूक शिकलेल्या आमच्या मित्राचा आक्षेप रास्त आहे. टिळक रोड आत्ताच भरलेला असतो, तिकडे आणखी गाड्या ढकलल्या तर तिथले रहिवासी का म्हणून सहन करतील. यावर तीन तास बोललो, उत्तर पूर्ण मिळालं नाही. काही लोक मेट्रोने येतील, काही गाडी मिनर्व्हा नाहीतर आर्यनच्या पार्किंगमधे लावून चालतील, पण किती, ते आत्ता कागदावर सांगणं खोटं होईल. म्हणून एका गल्लीत करून बघायचं, मोजायचं, आणि टिळक रोडवर पण मोजायचं. ती मोजणी आराखड्यात अटच म्हणून टाकलीय.

पथारीवाल्यांचं वेगळं प्रकरण लिहिलं. गाड्या काढून मोकळी झालेली जागा बघून त्यांना हटवायला कोणी आलं तर ते २०१४ च्या कायद्याच्या विरुद्ध आहे, सर्व्हे केल्याशिवाय उठवता येत नाही. आणि मला विचाराल तर तुळशीबागेत पथारी नसेल तर लोक येतीलच कशाला. त्यांच्या जागा आखून नकाशात दाखवल्यात, दुकानाच्या दाराची वाट सोडून.

२३ जानेवारी, गुरुवार

व्यापाऱ्यांची बैठक. एका दुकानाच्या माळ्यावर, गाद्यांवर बसून, पंचवीसेक जण. पहिला अर्धा तास आम्हाला बोलूच दिलं नाही, आणि त्यांचा राग खरा आहे, मेट्रोच्या कामात त्यांनी वर्षानुवर्षं धूळ आणि पत्रे सोसलेत. नंतर पाटी सर्व्हेची शीट भिंतीवर लावली. नावं नाहीत, दुकानं नाहीत, नुसती गल्ली आणि तास. शांतता झाली. मग भांडीवाले काका उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की यातली एक गाडी माझी आहे, आणि माझ्या तीन पोरांच्या तीन, आणि गिऱ्हाईक नाही नाही म्हणत आपण बसलोय.

त्यांनीच सुचवलं की एक महिना आमच्या गल्लीतल्या दुकानांच्या गाड्या पार्किंगमधे लावू, भाडं निम्मं मालकाने द्यायचं. सगळे तयार नाही झाले. एका बाजूची नऊ दुकानं तयार झाली. वाड्याच्या ताईंना फोन करून सांगितलं, त्यांचा वाडा त्याच गल्लीच्या टोकाला आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज पहिला दिवस. परवानगी चाचणीपुरती, एक महिना, फक्त ती बाजू. पहाटे खडूने रेघ मारली, साडेआठला मालाचे दोन टेम्पो आले आणि दहाच्या आत गेले, तिसरा बाराला आला, त्याला कळलंच नव्हतं. हमाल काकांनी त्याचा माल गल्लीच्या तोंडापासून हातगाडीने आणला.

साडेअकराला मोकळ्या बाजूला बाहेरच्या दोन बाईक येऊन लागल्या, मग चार. गाड्या सरकवणाऱ्या मुलाला काकांनी महिनाभर या कामाला ठेवलंय, त्याच पैशात, दोर धरायला. तो जेवायला गेला होता तेवढ्यात लागल्या. आल्यावर त्याने एकेकाला समजावून काढायला लावल्या, आवाज न चढवता. एकजण ऐकत नव्हता, त्याला तो म्हणाला की या गल्लीत आजोबा आजारी आहेत, गाडी यायला लागते. तो माणूस निघून गेला.

दुपारी काकांनी दुकानातून एक स्टूल काढून बाहेर ठेवलं. एक बाई त्यावर बसून चपला बदलत होत्या, बाजूला पिशव्या, मग उठून त्यांच्या दुकानात गेल्या.

संध्याकाळी टिळक रोडची मोजणी केली, शीट उद्या भरायची. आणि उद्यासाठी: दोर दुसरा हवा, हा तुटतोय. एक ते दोन मुलगा जेवायला गेला की त्याच्या जागी कोण, वाड्यातल्या ताई म्हणाल्यात मी उभी राहीन, सासऱ्यांचं जेवण झालं की येते. दोन खुर्च्या न्यायच्या.